बोटांची साक्ष

कुणकेश्वरच्या जत्रेत गुळाच्या खाज्याच्या दुकानांना अगदी खेटून कोणीतरी साखर तपासणीचा मांडव घातला होता. रांग वाढली तशी नर्स अनुजाची घाई झाली. तिने सुई नवी घेतली, पण विठोबाकाकांना हात धुवायला सांगायचं राहून गेलं. साखर आली तीनशे नव्वद.

"खाजा खाल्लात मां?" सुशीलाकाकी कडाडल्या.

"देवाच्या दारात खोटा कशाक बोलू? हातसुद्धा लावूक नाय."

तेवढ्यात अनुजाला आपली चूक उमगली. तिने काकांना मांडवामागच्या नळावर साबणाने हात धुवायला लावले, बोटं कोरडी केली आणि नवी सुई, नवी पट्टी घेऊन पुन्हा तपासलं. एकशे पंचवीस.

"घाबरू नका काकी, ती साखर रक्तातली नव्हती. नुसती बोटांवरची होती."

काकांचा जीव भांड्यात पडला. काकींनी मात्र डोळे बारीक केले.

"हात लावूक नाय, मगे बोटांक गूळ खंयसून इलो?"

काका मांडवाचं छप्पर न्याहाळू लागले. भांडण पेटायच्या आत अनुजा घाईने म्हणाली, "काकी, आता तुमचा नंबर. बसा."

पण खुर्ची रिकामीच होती. काकी कोणी न सांगताच नळावर पोचल्या होत्या आणि काडीने नखांतला गूळ काढत होत्या.