बाहेरून नुसता आरसा

“पेल्यात कवळी. पेल्याच्या तळाला बुळबुळीत थर. शेजारी भेगांच्या मलमाची डबी, तिच्यात चिकटलेले केस.” बाई बोटांवर मोजत होती. “आणि मूळव्याधीची ट्यूब, शेपटीपासून पिळलेली. सकाळी बेसिनपाशी गेलं की पोटात ढवळून येतं. शी!”

दुकानदारानं हातातला कॅटलॉग खाली ठेवला. तीस वर्षं तो न्हाणीघराचं सामान विकत होता. पण गिऱ्हाईक इतकं उघडंवाघडं बोलत नसे.

“आई, हळू बोल ना,” बाईची लेक पुटपुटली.

“हळू कशाला? खोटं आहे का?”

बाई असेल पन्नाशीच्या आसपासची. केस काळेभोर, कपड्यांना कडक इस्त्री. नाक तेवढं सारखं मुरडलेलं.

“घरात म्हातारं माणूस आहे वाटतं,” दुकानदार म्हणाला.

“आहे. महाहट्टी. चार वर्षं ही पोरगी कानीकपाळी ओरडतेय, आवर हे सगळं, झाकून ठेव. ऐकेल तर शपथ! म्हणून म्हटलं, भिंतीतच बसणारं कपाट घ्यावं. बाहेरून नुसता आरसा दिसला पाहिजे.”

“भिंतीवर टांगायचं घ्या की. फोडाफोडी वाचेल.”

“नको. कपाट दिसलं की माणूस उघडून बघतोच. आरशामागे कोण बघतंय? आणि शनिवारपर्यंत बसवून द्या. रविवारी घरात नवं माणूस येतंय, कायमचं. लग्नघर आहे आमचं.” बाईचा आवाज जरा उतरला. “पहिल्याच सकाळी हा उकिरडा दिसला, तर उलट्या पावली निघून जाईल हो ते.”

दुकानदार काय ते समजला. घरात सून येणार, म्हणून म्हाताऱ्या सासूची अडगळ भिंतीत गाडायची. त्याची आईही घरी होती. तिची कवळी तो रोज रात्री स्वतः अंगठ्यानं घासून धूत असे. त्याला कधी किळस वाटली नव्हती. आत्ता वाटली, ती या बाईची.

पण धंदा तो धंदा. त्यानं तीन कपाटं काढली. लाकडी ओलीनं फुगेल, पत्र्याचं गंजेल, असं सांगून ॲल्युमिनियमचं उघडून दाखवलं. दार टक्कन वाजलं.

“आवाज नको,” बाई म्हणाली. “पहाटे, कुणी उठायच्या आत, आरशामागे हात घालावा लागतो.”

त्यानं दाराला आतून रबर चिकटवून दिलं.

“आणि वरचा खण उंच हवा. पेला उभा राहिला पाहिजे.”

“बरीच काळजी दिसतेय,” दुकानदारानं टोमणा मारला. “बाई, म्हातारपण कुणाला चुकलंय का?”

“नाही ना चुकत. तेच तर!” बाई फणकारली.

शनिवारी तो स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन गेला. बोटाच्या पेरानं भिंत वाजवत पाइप कुठून गेलाय ते हेरलं, वीतभर बाजूला सरकून पेन्सिलीनं चौकोन आखला आणि फोडायला घेतलं. बेसिनवरचा पसारा खरोखरच ओंगळ होता. कडेला केस रंगवायच्या रंगाचे काळे ओघळ, आंबूस वास. त्यानं श्वास रोखला आणि रोखला म्हणून स्वतःवरच चिडला.

समोरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ते बिचारं आत बसलं असेल, त्याला वाटलं. एकेक घाव ऐकत असेल.

दुपारपर्यंत कपाट भिंतीत चपखल बसलं. दार मिटलं की नुसता आरसा.

“आता बापजन्मात कुणाला कळायचं नाही,” बाई सुस्कारा सोडून म्हणाली.

दुकानदाराचा तोल सुटला. “कळेल कसं? त्या म्हाताऱ्या माणसाला तरी बोलवा इथं. रोज वापरायचं कुणाला? हात नीट पोचतो का बघू. की त्यांच्यासाठीही एक कोनाडा खणू भिंतीत?”

लेकीनं तोंडावर हात दाबला. ती हसत होती की रडत होती, कळेना.

बाईनं दुकानदाराकडे पाहिलं. मग बाही मागे सारून ती पुढे झाली, टाचा उंचावल्या आणि वरच्या खणापर्यंत हात नेऊन पाहिला.

“पोचतो,” ती म्हणाली. “उद्या माझं लग्न आहे हो. नवरदेवाला वाटतंय, मी पंचावन्नची आहे.”