पहिला कप

अकोल्याच्या दवाखान्यात, घशाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, बाकडी माणसांनी गच्च भरली होती. आणि वामनरावांना एक शब्द बोलता येत नव्हता. केवढं हे नुकसान!

मूर्तिजापुरात वामनराव बसतील तिथे हशा पिकायचा. पण घशातली गाठ काढली आणि आठवडाभर तोंडाला कुलूप लागलं. बोलायचं नाही, मोठ्यानं हसायचं तर मुळीच नाही, नाहीतर आवाज कायमचा बसेल, असा डॉक्टरांचा दम होता. आज तपासून परवानगी मिळायची होती. सोबत बायको गोदाबाई, नात अपेक्षा आणि गाडी चालवत आलेला जुना दोस्त देवराव.

"आबा, आज तुमची चहाची गोष्ट राहिली न!" अपेक्षानं खोडी काढली.

वामनराव तळमळले. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट ती! तिवस्याला पोरगी पाहायला गेले, सोबत देवराव. अन् पोरीनं चहाचा पहिला कप दिला देवरावांना! "मले पाहून गडबडली बिचारी," म्हणून वामनराव डोळा मारायचे. लोक पोट धरून हसायचे. गोदाबाई तेवढी हसायची नाही. बायकांना गंमत कळतच नाही, असं वामनरावांचं ठाम मत होतं.

"मी सांगतो," गोदाबाईनं पदर सावरला. "मी काई गडबडली-बिडबडली नवती. एक जण उंचापुरा, गुपचूप बसलेला. दुसऱ्याचं तोंड बंदच होये ना. मले वाटलं, गुपचूप हाय तो नवरदेव, अन् हा बडबड्या डायवर असन. पयला कप देल्ला, अन् आत जाऊन मायले सांगतलं, पोरगा पसंत हाय!"

अख्खी बाकडी खदखदली. कंपाउंडरच्या हातून नंबरांच्या चिठ्ठ्या सांडल्या. देवराव या वयात कानापर्यंत लाजले.

"आजी, इतके वर्षं कावून नाही सांगितलं?"

"तुया आबाची संपली तं माही सुरू होईन न!"

वामनरावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. राग आला होता, चांगलाच आला होता. आपल्याच गोष्टीत आपण डायवर! पण पोटातून उकळी फुटत होती ती हसण्याची, आणि ती दाबता दाबता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेवढ्यात नंबर लागला. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. गोदाबाई शेजारी उभी होती, आता जरा धास्तावलेली. दारात अपेक्षा आणि देवराव, त्यांच्या मागे निम्मी बाकडी. आता बाईची खैर नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

"छान भरून आलंय. बोला वामनराव, पण हळू."

वामनराव बायकोकडे वळले. तिला टक लावून पाहिलं. मग घोगरा का होईना, आवाज फुटला.

"मंग? पुढं काय झालं?"