अर्धा इंच

फ्रेमवाल्याने काच चुकून अर्धा इंच छोटी कापली आणि नवी कापायच्या आळसापायी चित्राचीच कड छाटून टाकली. चित्र गाजलेलं होतं: दुकानात एक बाई चित्र बघते, त्या चित्रातही तेच दुकान, तीच बाई.

"दादा, कड कापलीत का हो? बाबांची आठवण आहे," न्यायला आलेल्या ताईंनी विचारलं.

"छे हो ताई, मुळातच एवढं होतं."

बोलून गेला आणि शरमेने त्याची मान खाली गेली. कडेबरोबर चित्रातल्या बाईचा एक हात गेला होता. आतल्या छोट्या बाईचाही गेला होता; तिथे तर कात्री पोचलीच नव्हती.

परवा ताईंनी हे चित्र दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलं होतं.

"जरा गाडीपर्यंत आणून द्याल?" त्या म्हणाल्या. "मला मुळातच एक हात आहे."