राक्षसाची आई

कादंबरीत राक्षस मरतो, तेव्हा सिनेमातही तो मेलाच पाहिजे, असं कलम केळुसकरांनी करारात हट्टानं घालून घेतलं होतं. राजकन्या शंख फोडते आणि त्यात जपलेला राक्षसाचा जीव जातो, हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं पान. त्या प्रसंगाच्या शूटिंगला ते जातीनं पन्हाळ्यावर हजर झाले.

राक्षस शिंगं चिकटवून घेत होता. शेजारी त्याची आई मांडीवर डबा घेऊन बसली होती.

"तुम्हीच व्हय गोष्ट लिवणारं?" तिनं विचारलं. "सव्वीस पिच्चरमदी मारलाय माझ्या पोराला. एकदा तर गुऱ्हाळाच्या कढईत. एकबी शेवटपातूर बघितला न्हाई मी. मधनंच उठते आन् फोन लावते, जेवलास का म्हणून."

"आई, गप की," राक्षस म्हणाला.

"तू गप. सायेब, ह्यात तरी जगतोय न्हवं?"

केळुसकरांनी आजवर राजे, सेनापती, एक अख्खं नगर बिनदिक्कत मारलं होतं; पण त्यातल्या कुणाची आई डबा घेऊन समोर आली नव्हती. दिग्दर्शकाला बाजूला घेऊन ते म्हणाले, "शंख फुटत नाही. राक्षस सुधारतो आणि शेती करतो."

"अहो, पण कलम?"

"कलमाचं मी बघतो."

सिनेमा लागला आणि पुस्तकाचे वाचक खवळले. दिग्दर्शकानं शेवटाची पार माती केली, असं सांगायला फोनवर फोन आले.

"काय करणार," केळुसकर प्रत्येकाला खिन्नपणे म्हणत, "सिनेमावाल्यांना साहित्य कळत नाही."