तिसऱ्या बेटाचा कोपरा

"उठा तिथून! तिथं नाई बसायचं!" रुपरावांनी काठी आपटली. चादर पसरणारं कामठीचं कुटुंब डबे उचलून, शिव्या देत पलीकडे गेलं.

बाकावर त्यांच्या मुलीने, सुमतीने, पुस्तकाचं पान उलटलं नाही. ती शाळेत शिकवायची; बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची.

तलावातल्या बांधरस्त्यालगत भराव टाकून तीन बेटं केली होती. झोपाळे, भेळ, नावा. बारा वर्षांपूर्वी, त्रेसष्टच्या उन्हाळ्यात, रुपराव त्या भरावाचे मुकादम होते. टोपलीला कधी हात न लावणाऱ्या मुकादमाने तिसऱ्या बेटाचा हा कोपरा मात्र एकट्याने भरला होता. सुमती तेव्हा कॉलेज सोडून सहा महिने घरात पडून होती. टायफॉईड, एवढंच आळीला ठाऊक. तेव्हापासून रुपरावांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. पण दर रविवारी इथे आणायचे.

आज बागेचे इंजिनिअर मधुकरराव त्याच कोपऱ्यात चुन्याने गोल आखून घेत होते. इथे कारंजं होणार होतं.

"दुसरीकडे करा ना साहेब."

"काहून पण? पोतंभर मीठ टाकलं म्हणे तुम्ही इथं. गवत तरी उगवते का?"

"वाळवी लागू नये म्हणून टाकलं."

"झाड कुठं हाय वाळवी लागाले? का सोनं पुरलं हाय, बाबाजी?"

मजूर खदखदा हसले. रुपराव सुमतीकडे वळले. "तू सांग यायले. शिकलेली हायेस ना?"

"घरी चला, बाबा. लोक हसून राहिले."

"हसू दे. मी हाय तोवर कुदळ लावून दाखवा म्हणा!"

परतताना बांधरस्त्यावर ते पुढे चालत राहिले. मागे न बघता म्हणाले, "मी मेल्यावर कोण बोलन वं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती चहा घेऊन गेली, तेव्हा ते थंड पडले होते.

तेरावं झालं त्या दुपारी ती त्यांची काठी घेऊन बेटावर आली. मजुरांनी कुदळी उचलल्या होत्या. ती चुन्याच्या गोलात जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, बाई," मधुकरराव वैतागले. "बुढ्याचा हेका बुढ्यासंगं गेला. तुम्ही तर समजदार आहात."

ती हलली नाही. भेळवाला, नाववाले, शाळेतल्या दोन पोरींच्या आया, सगळे जमले.

"मग कारण सांगा ना! काय आहे इथं? सोनं?"

"सोनं नाही," सुमती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "माझी मुलगी आहे."