पडणारं माकड

"चाळीस प्रश्न, चाळीस चूक!" भय्यासाहेबांनी टॅबच्या पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि समाधानानं मान हलवली. "वा, सुहासिनीताई! जे ओळखायला आमच्या मास्तरांना वर्ष लागतं, ते तुमच्या खेळानं वीस मिनिटांत सांगितलं. चलो, ही मुलगी सोमवारपासून तिसरीत."

घमापुरातल्या त्या शाळेत सकाळपासून चौथीची अठ्ठावीस मुलं एकेक करून पाढ्यांचा खेळ खेळून गेली होती. कुणाला वीस गुण, कुणाला पस्तीस. शून्यावर एकटी अंजनी. बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या अंबादासची ही मुलगी. वर्गात उभं केलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. वर्गशिक्षिका इंदिराबाईंना तिची दया यायची, पण दया दाखवून गुण थोडेच वाढवता येतात? त्यांनी निकालाची वही पुढे ओढली आणि पेन उघडलं.

सुहासिनीबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना स्वतःच्या हुशारीबद्दल कधी शंका आली नव्हती, आणि इतरांनाही त्यांनी ती येऊ दिली नव्हती. खेळ त्यांनी स्वतः बेतला होता. दोन वर्षं त्यात घातली होती. प्रश्नाखाली चार आकडे, त्यातला एक बरोबर. बरोबर आकड्यावर बोट ठेवलं की हिरवी खूण आणि लगेच पुढचा प्रश्न. चुकलं की फांदीवरचं माकड हातपाय झाडत नर्मदेत पडायचं, धबाक! मग ओल्या अंगानं वर येऊन कान झटकायचं. चुकलेल्या पोराला रडू येऊ नये म्हणून ते माकड. भाच्याकडून, विनयकडून, माकडाची चित्रं बाईंनी सतरा वेळा बदलून घेतली होती. हिरवी खूण पाच मिनिटांत झाली होती.

भय्यासाहेब शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. संस्थेच्या सगळ्या शाळांत हा खेळ घ्यायचा, अशा कागदावर त्यांची सही व्हायची तेवढी बाकी होती. कागद टेबलावरच होता. सुहासिनीबाई गप्प बसल्या असत्या तरी काम झालं असतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. शून्य मिळवलेली ती पोरगी दारात उभी राहून हसत होती.

"ये गं, बस. पुन्हा खेळ," त्या म्हणाल्या.

अंजनी उड्या मारतच आली. पहिला प्रश्न, सात गुणिले आठ. तिचं बोट छप्पन्नाच्या अगदी जवळ गेलं, थबकलं आणि शेजारच्या चोपन्नावर टेकलं. धबाक! अंजनी पोट धरून हसली. नऊ गुणिले चार. बोट छत्तिसाला वळसा घालून पंचेचाळिसावर गेलं. धबाक!

सुहासिनीबाईंनी तिचा हात हळूच धरला. "अंजनी, बरोबर आकडा का नाही दाबत, बेटा?"

अंजनीनं भय्यासाहेबांकडे चोरून पाहिलं, मग मान खाली घालून टॅबलाच सांगितलं, "बरोबर दाबलं तर माकड पडतच नाही ना, दीदी."

इंदिराबाईंना हसू फुटलं. भय्यासाहेब मात्र हसले नाहीत. "अच्छा! बहाणे बरे सुचतात. बोल, सात अट्ठे?"

अंजनी उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

"पाहिलंत?"

"ते तुमाले भिऊन राहिली जी," इंदिराबाई पुटपुटल्या.

"भिओ, न भिओ, पडद्यावर शून्य आहे." भय्यासाहेबांनी सुहासिनीबाईंकडे रोखून पाहिलं. "आणि ताई, येत असूनही शून्य मिळतं असं तुमचं म्हणणं असेल, तर मग खेळातच खोट आहे. मी सही कशावर करू?"

सुहासिनीबाईंना राग आला, आणि नवलाची गोष्ट म्हणजे तो स्वतःचाच आला. चुकण्याचं बक्षीस त्यांनीच इतक्या हौसेनं रंगवून ठेवलं होतं. पोरीनं ते घेतलं, एवढंच. आणि आता त्या पोरीचं वर्ष त्यांच्या हौसेपायी जाणार होतं. त्यांनी टेबलावरचा सहीचा कागद उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

"खेळात खोट आहेच, भय्यासाहेब. ती काढून मी महिन्याभरानं परत येईन, आणि तेव्हा तुम्ही सही कराल. पण या पोरीत खोट नाही."

"अहो ताई, शून्य आहे तिला!"

"तेच तर म्हणतेय. चारातला एक आकडा डोळे मिटून दाबत गेलं, तरी चाळिसात आठ-दहा उत्तरं आपसूक बरोबर येतात. हिचं एकसुद्धा आलं नाही. बरोबर उत्तर चाळीसही वेळा टाळायचं, तर ते चाळीसही वेळा ठाऊक असावं लागतं." त्या इंदिराबाईंकडे वळल्या. "लिहा, इंदिराबाई. अंजनी अंबादास, चाळीसपैकी चाळीस."