वॉर्निशचा हात

निकितानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तळहाताएवढ्या त्या व्हिडिओ गेमचा पडदा काळाच, आणि कडेनं बसवलेले बारा इवले एलईडीही तसेच आंधळे.

समोर लाकडी खोक्यावर छकुली टक लावून बसली होती. निकिताची ही आठ वर्षांची धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. गेममधला माणूस उडी मारतो, पडतो, तेव्हा आवाज होतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून निकितानं स्पीकरच्या तारेला दिवे जोडले होते. आवाज झाला की दिवे लागणार, मोठा झाला की जास्त उजळणार. काटेवाडीतल्या आजोबांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ती तीन दिवस भिंगाखाली डोळे फोडत होती.

"माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली. "सगळं उपसून टाकते." तिनं कटर उचललं.

तिचे आजोबा, कुंडलिकतात्या, हातातली मोटार ठेवून उठले.

पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून जिवंत करण्यात तात्यांची हयात गेली. पंचक्रोशीत त्यांची चूक काढणारा अजून जन्माला यायचा होता, असं निदान तात्या तरी म्हणायचे. तीन दिवस ते नातीच्या खटाटोपाला हसत होते. "मुंगीच्या पायात पैंजण घालतीस व्हय गं?" पण आज ती जेवायला गेली तेव्हा त्यांनी भिंगातून डोकावलं आणि हसणं विसरले. केसासारख्या तारा, आणि सोल्डरचा एक टाका दुसऱ्याला शिवलेला नाही! असा हात त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आता तोंडावर कौतुक करणं तात्यांना कधी जमलं नाही. मोटारीची तार नीट गुंडाळून झाली, की ती टिकावी म्हणून ते तिला वॉर्निश देतात. तेच त्यांचं शाबास म्हणणं. तोच ब्रश त्यांनी मायेनं नातीच्या कामावरून फिरवला होता. थेट बॅटरी जिथं टेकते त्या उघड्या पट्ट्यांपर्यंत. उन्हात ते वाळूनही गेलं, आणि दुकानाला वॉर्निशचा वास कायमचाच, त्यामुळं निकिताला शंकाही आली नाही.

वॉर्निशमधून वीज जात नाही, हे तिला तात्यांनीच शिकवलं होतं.

कटर पहिल्या तारेला लागलं.

"थांब!" तात्या ओरडले. "तुझं न्हाय चुकलं. मी वॉर्निश मारलंय त्यावर."

"वॉर्निश? ह्याला? कशापायी, तात्या?"

"लई देखणं झालं हुतं गं," तात्या खाली बघत म्हणाले. "ऱ्हावलं न्हाय मला."

रडावं का हसावं, निकिताला कळेना. तिनं कटर ठेवलं आणि ब्लेड त्यांच्या हातात दिलं. चाळीस वर्षं तारा खरवडलेली ती राकट बोटं. तात्यांनी हलक्या हातानं दोन्ही पट्ट्या खरवडल्या. खालचा धातू चकाकला. बॅटरी परत बसवली.

निकितानं बटण दाबलं. पडदा उजळला. गेममधल्या माणसानं उडी मारली आणि कडेचे दिवे निळे लुकलुकले. तो धपकन पडला, तसे बाराही भडकन पेटले. छकुली दचकली आणि खदखदून हसली. मग कुणी न सांगता तिनं आवाजाचं चाक कमी केलं. दिवे मंद झाले. वाढवलं, दिवे उजळले. पुन्हा कमी, पुन्हा जास्त. तात्या पुढं वाकून बघायला लागले. आवाज लहान असतो, मोठा असतो, हे या पोरीला कसं सांगायचं ते आठ वर्षांत घरात कुणाला सुचलं नव्हतं. आणि आता ती तो डोळ्यांनी बघत होती.

छकुली उठली. तिनं गेम तात्यांच्या गळ्याला टेकवली आणि दिव्यांवर नजर लावून उभी राहिली.

"छकुले!" तात्यांनी हाक मारली. दिवे हलले नाहीत. "ए छकुले!" त्यांनी मोठ्यानं हाक दिली. छकुली वाट बघतच होती.

"भायेरचा आवाज न्हाय कळत गेमला," निकिता हळूच म्हणाली. "माईक बसवाय लागंल."

छकुलीनं गेम अजून गळ्यावरून काढली नव्हती. तात्या जागचे हलले नाहीत.

"मग सोल्डरगन चालूच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आन् त्यो वॉर्निशचा डबा आधी दाराभायेर ठिव."